दादाच्या कानातली धूम

गेल्या पावसाळ्यापर्यंत मी छातीठोकपणे सांगत होतो, की कानात घालायच्या हेडफोनात जितके बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे आवाज काढणाऱ्या बारीक डब्या, जास्त, तितका आवाज खरा. ऑफिसात सांगत होतो, कसारा लोकलच्या डब्यात सांगत होतो, गावातल्या भजनी मंडळाच्या पोरांनाही सांगत होतो. त्या सांगण्यापायी माझ्या चुलतभावाचे सात हजार रुपये अडकले. त्याहून वाईट म्हणजे, ज्याचा हात पखवाजावर पडला की अख्खं देऊळ गप्प होतं, त्या माणसाला मी म्हणालो, ‘तुझा कान तयार नाही.’ ते वाक्य मला परत घ्यायचंय. त्याच्यासमोर घेतलं आहेच, पण ज्यांना ज्यांना मी शिकवत फिरलो त्यांनाही कळावं म्हणून हे लिहितोय.

मी आटगावचा, नोकरी दादरला. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि सकाळची गाडी हुकली तर पुढचीची वाट बघण्यात आणखी वेळ. दिवसाचे चार तास कानात काहीतरी असतंच. सुरुवातीला डब्यात विकायला येतात ते दीडशेवाले वापरले. मग पगार वाढला, तसा शौकही वाढला. माझा जीव शास्त्रीय गाण्यात. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे स्वराला जी झळाळी येते ती, डब्याच्या खडखडाटात जशीच्या तशी ऐकू यावी एवढीच माझी हौस होती. ज्या दिवशी पहिल्यांदा बॅलन्स्ड आर्मेचरचा इन-इअर कानात घातला, त्या दिवशी वासिंद ते ठाकुर्ली मी डोळे मिटून बसलो होतो. षड्जाच्या आत दडलेला गंधार उलगडत होता. त्या दिवसाबद्दल आजही माझं मत बदललेलं नाही.

आर्मेचरची आतली रचना मला आजही सुंदर वाटते. तुरीच्या दाण्याएवढी धातूची डबी. तिच्यात दोन चुंबकांच्या मधोमध एक बारीक धातूची पट्टी, दोन्हीकडची ओढ सारखी म्हणून तोल साधून उभी. भोवती तारेचं वेटोळं. विजेचा प्रवाह बदलला की पट्टी किंचित इकडे, किंचित तिकडे हलते. तिला जोडलेली एक सुईसारखी काडी ती हालचाल पातळ पडद्यापर्यंत पोचवते. बस्स. साध्या इअरफोनात असतो तो डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे लाउडस्पीकरचंच छोटं रूप; त्याचा पडदा मोठा आणि तो जास्त हवा ढकलतो. आर्मेचरचा पडदा इवलासा, हवा थोडी ढकलतो, पण नाजूक स्वर चटकन पकडतो. म्हणून कंपन्या एकाच कानात दोन, चार, आठ अशा डब्या घालतात. कुणी खालच्या स्वरांसाठी, कुणी मधल्या, कुणी वरच्या.

या आकड्यांनी मला भुलवलं. माझ्याकडे एक वही होती, तिच्यात मी प्रत्येक सेटबद्दल लिहायचो. ‘स्वच्छ’, ‘मोकळा’, ‘जवारी सुटी ऐकू येते’, ‘खालचा भाग आटोपशीर’. शेवटची टीप मी कौतुकाने लिहायचो. खालचे स्वर कमी असणं हे मला सभ्यपणाचं लक्षण वाटत होतं. खालच्या स्वरांची धूम मागणारा कान म्हणजे वरातीतल्या डीजेचा कान, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. ही नुसती आवडनिवड नव्हती. त्यात गावाला आणि गावातल्या माणसांना खाली लेखणं होतं, हे आता लिहिताना मला दिसतंय.

दादा, म्हणजे तो चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आटगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जातो. मशीनच्या आवाजात आठ तास काढून संध्याकाळी देवळात पखवाज घेऊन बसतो. मंडळात रूपाचा अभंग सुरू झाला की आधी बुवांकडे नाही, दादाच्या डाव्या हाताकडे बघावं. उजव्या, शाईच्या बाजूवर बोटं नाचत असतात. पण माणसाला आत धरून ठेवते ती डावी बाजू. त्या बाजूला तो वाजवण्याआधी ओली कणीक थापतो. थोडी लावतो, थाप मारून ऐकतो, बोटाने चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो. गोळा किती हवा हे त्याला मोजावं लागत नाही. वाजवून झालं की कणीक खरवडून, कापडाने पुसून पखवाज खोळीत.

जुन्या वादकांची ध्वनिमुद्रणं ऐकून हात सुधारावा, असं त्याच्या मनात होतं. मला नवा सेट घ्यायचा होता. माझा जुना, एकेका कानात चार-चार आर्मेचरचा, मी त्याला दिला. दिला म्हणजे विकला. सात हजार. तीन हप्त्यांत दिले त्याने, दर महिन्याच्या सात तारखेला, न मागता.

आठवड्याभरात तो म्हणाला, ‘‘अरे, याच्यात धूमच लागत नाय. शाई ऐकू येते, झांज ऐकू येते, डावी बाजू नुसती टकटक करते.’’

मी काय करायला हवं होतं? त्याच्या कानात तो कसा बसलाय, ते बघायला हवं होतं. मी त्याला व्याख्यान दिलं. तुला स्वस्तातल्या हेडफोनांच्या फुगवलेल्या आवाजाची सवय आहे, हा खरा आवाज आहे, तुझा कान तयार नाही, महिनाभर ऐक, होईल. तो गप्प बसला. दहा दिवसांनी पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा मी म्हणालो, ‘‘मग आवाज वाढव.’’

हे दुसरं सांगणं पहिल्यापेक्षा वाईट होतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सुरक्षित ऐकण्याची जी मर्यादा सांगितली आहे, ती आठवड्याला ४० तास आणि सरासरी ८० डेसिबल अशी आहे. आवाज जसा चढतो तसे हे तास भराभर कमी होतात. कारखान्याच्या गोंगाटातून बाहेर पडलेल्या माणसाला, वर कानात आवाज वाढव, असं मी सांगत होतो. महिनाभराने तो सेट पखवाजाच्या खोळीशेजारी फडताळात गेला आणि दादा गाडीत घेतलेल्या दीडशेवाल्यावर परत आला. तो काहीच बोलला नाही. मी मनात म्हटलं, जाऊ दे, सगळ्यांनाच कळतं असं नाही.

माझे डोळे उघडले ते काकूमुळे.

काकू म्हणजे दादाची आई. ऐकू कमी येतं. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून श्रवणयंत्र आणलं होतं, कानामागे बसणारं, त्याच्यातून नळी निघून कानातल्या साच्यात जाते तसलं. घातलं की शिट्टी वाजायची. काकू जेवायला बसली, घास चावला की शिट्टी. मांडीवर घेतलेल्या नातवाने गालाला गाल लावला की शिट्टी. पोरगं हसायचं, काकू यंत्र काढून रुमालात बांधून डब्यात ठेवायची. ‘‘मशीन खराब हाय,’’ म्हणायची. आम्हीही तेच समजत होतो.

गेल्या जुलैत दादाला पाळीमुळे सुटी मिळेना, म्हणून काकूला घेऊन मी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत गेलो. वाचा आणि श्रवण यांच्या अडचणींसाठी ही केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था, १९८३ साली सुरू झालेली, वांद्रे रेक्लमेशनला आहे. दादरला गाडी बदलून, जिने चढत-उतरत पोचेस्तोवर काकू दमली होती. तपासणाऱ्या ताईंनी यंत्र हातात घेतलं, कानाला लावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘मशीन चांगलं आहे. साचा बसलेला नाही. आवाज कडेने बाहेर येतो, माइकमध्ये परत जातो, तो पुन्हा मोठा होतो. ती शिट्टी.’’

मग त्यांनी नवं माप घेतलं. आधी दिव्याने कान तपासला. दोरा बांधलेला एक छोटा बोळा आत सरकवला, म्हणजे मसाला खोल जाऊ नये. मग मळलेल्या पिठासारखा मऊ मसाला कानात भरला. काही मिनिटांत तो घट्ट झाला. हळूच ओढून काढला, तर काकूच्या कानाची आतली वाट माझ्या समोर उलटी उभी राहिली. मी कान म्हणजे सरळ भोक समजत आलो होतो. इथे एक वळण होतं, मग दुसरं, मध्ये एक चपटा भाग. दुसऱ्या कानाचं माप काढलं, ते पहिल्यासारखं नव्हतंच.

मी सहज विचारलं, यात आवाज काढणारा भाग कुठला असतो. ताई म्हणाल्या, ‘‘रिसीव्हर. बॅलन्स्ड आर्मेचर.’’

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नव्हता. ज्या डब्या मी मोजत होतो त्या श्रवणयंत्रासाठीच वाढल्या. १९४६ साली सुरू झालेल्या नोल्स या अमेरिकन कंपनीने त्या इतक्या बारीक केल्या की कानामागे मावाव्यात. तिथेच अनेक वर्षं काम केलेल्या मीड किलियन यांनी पुढे एटिमोटिक ही कंपनी काढली, योगायोगाने तीही १९८३ साली, आणि १९९१ मध्ये ईआर-४ हा इन-इअर आणला. एका कानात एकच आर्मेचर. चार नाही, आठ नाही. त्याची सगळी मदार तीन पाकळ्यांची टिप कानात खोल आणि घट्ट बसण्यावर. आणि ज्या बहुड्रायव्हर सेटांची मी पूजा बांधली होती, त्यांचं मूळ शोधावं तर १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या बँडच्या अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी केलेला सेट. तो ड्रमर होता. ताल धरणारा माणूस. आणि तो सेट त्याच्या कानाच्या साच्यावर घडवलेला होता. पुढे बाजाराने ड्रायव्हरची संख्या उचलली, ती डब्यावर छापली, आणि माझ्यासारख्यांनी तेवढीच वाचली. साचा मागे राहिला.

परतीच्या गाडीत काकू खिडकीशी झोपली होती. टिटवाळ्याच्या पुढे पाऊस लागला. मी माझा सेट कानात घातला आणि उजव्या कानातला जरासा, अगदी केसभर बाहेर ओढला. पखवाजाची डावी बाजू गेली. शाई तशीच राहिली, झांज तशीच राहिली, धूम मात्र पुसून गेली. पुन्हा आत सारला, आली. खडवली जाईस्तोवर मी तेवढंच करत होतो. दादाने मला जे सांगितलं होतं, शब्द न् शब्द तेच मी ऐकत होतो.

कारण अगदी साधं आहे. आर्मेचरचा पडदा थोडीच हवा हलवतो. कानाची पोकळी चहूबाजूंनी बंद असेल तर एवढ्याशा हवेचाही दाब तयार होतो आणि खालचे स्वर भरून येतात. कडेला बारीकशी फट राहिली की दाब तिथून निसटतो. वरच्या स्वरांचं फारसं बिघडत नाही, खालचेच गळतात. शिवाय त्याच फटीतून लोकलची घरघर आत येते आणि उरलेसुरले खालचे स्वर झाकून टाकते. दादाचा कान तयार नव्हता असं नाही. त्याच्या कानाला माझी टिप लहान होती. मी माझ्या कानाच्या मापाची टिप त्याला दिली आणि दोष त्याच्या कानाला दिला.

त्या रात्री त्याची दुसरी पाळी होती. मी बारा वाजेपर्यंत पडवीत बसून राहिलो. तो आला, हातपाय धुतले, मला बघून म्हणाला, ‘‘आईचं काय झालं?’’ साच्याचं सांगितलं. मग म्हटलं, ‘‘दादा, तो सेट काढ.’’

फडताळातून काढला. मोबाइलवर त्याच्या आवडीचं पखवाजाचं ध्वनिमुद्रण लावलं. त्याने नेहमीसारखा कानात अडकवला. मी दोन्ही बोटांनी बाहेरून अलगद दाबला. त्याचा चेहरा बदलला. ‘‘आता आली!’’ बोटं काढली. ‘‘गेली.’’ पुन्हा दाबली. ‘‘आली.’’ मग खोक्यातल्या सगळ्या टिपा पत्र्याच्या झाकणात ओतल्या आणि एकेक लावत गेलो. डाव्या कानाला मोठी रबरी बसली. उजव्याला तीही सैल. तिथे स्पंजाची लागली, बोटांत दाबून बारीक करायची, कानाची पाळी दुसऱ्या हाताने वर-मागे ओढायची, आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत धरून ठेवायची. दोन कानांना दोन वेगळ्या टिपा. मी वर्षानुवर्षं हेडफोन वापरतोय, असं असू शकतं हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

दादा म्हणाला, ‘‘हे कणकेसारखंच हाय. नीट थापली नाय तर डावी बाजू अशीच टणटणते.’’ शास्त्र वेगळं आहे. कणकेच्या वजनाने कातडं जड होतं म्हणून स्वर खाली येतो. इथे फट बुजते म्हणून दाब टिकतो. पण वाजवणाऱ्याच्या अंगाने बघितलं तर त्याचं बरोबर होतं. कणकेशिवायच्या पखवाजावरून वादकाची पारख करू नये, हे मला समजायला हवं होतं.

मी त्याला म्हटलं, ‘‘मी चुकलो. तुझा कान तयार नाही म्हणालो होतो.’’ तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘लागलं होतं मला. पण म्हटलं, तू मुंबईला असतोस, तुला ठाऊक असेल.’’ सात हजार परत देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. ‘‘आईच्या मशीनचे सेल तू आणत जा,’’ म्हणाला. आणतो. नारिंगी स्टिकर असलेले. स्टिकर काढलं की सेल हवा घेतो आणि मगच चालू होतो, म्हणून यंत्रात घालण्याआधी मिनिटभर उघडा ठेवावा लागतो. काकूला ते नीट जमतं आता.

पुढच्या रविवारी माझी वही काढली. दादाला म्हटलं, माझ्यामागे उभा राहा, तू सेट बदल, मला सांगू नकोस कुठला आहे. एक अट ठेवली: दोन्हींचा आवाज आधी कानाला सारखा करून घ्यायचा. जरासा मोठा वाजणारा सेट माणसाला नेहमी जास्त चांगला वाटतो. मोठा म्हणून नाही, ‘स्वच्छ’ म्हणून. माझ्या वहीतले निम्मे ‘मोकळा’ आणि ‘स्वच्छ’ तिथेच गळून पडले. आणखी एक कळलं. दोन सेट मी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकले होते आणि बाकीचे फोनवर. आर्मेचरचा विद्युतरोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो, त्यामुळे यंत्र बदललं की आवाजाची धाटणीच बदलते. एटिमोटिकच्या ईआर-४पी या इन-इअरला तर नुसती ७५ ओहमच्या रेझिस्टरची वायर जोडली की त्याचा वरच्या स्वरांत अधिक उजळ असलेला भाऊ ईआर-४एस तयार व्हायचा. मी असल्या फरकाला ‘ड्रायव्हरचा दर्जा’ म्हणून नोंदवून ठेवलं होतं.

सगळं खोटं मात्र ठरलं नाही. जवारी मी दर वेळी ओळखली. डोळे मिटून, आवाज सारखा करून, दादाने कितीदा बदललं तरी, तानपुऱ्याचा तो उलगडा आर्मेचरमध्येच मला जास्त नितळ लागला. दादाला डायनॅमिकची धूम जास्त भरीव वाटली, नीट बसवूनसुद्धा. आधी मी याला त्याच्या कानाची उणीव म्हटलं असतं. तो रोज डाव्या हाताने जे करतो त्याबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि त्या बाबतीत माझ्या वहीपेक्षा मी त्याच्या कानावर भरवसा ठेवीन. चार आर्मेचरचा आणि एक आर्मेचरचा यांत मात्र मी इतक्या वेळा घोटाळलो, की शेवटी महागडा विकून टाकला. आता माझ्याकडे एकच आर्मेचरचा आहे, खोल बसणारा. गाडी शहाडच्या पुलावरून जाताना डब्यात काय चाललंय ते कळत नाही इतका बंद. म्हणून आटगावला उतरण्याआधी तो काढून खिशात ठेवतो. आमच्याकडे अजून पुष्कळ लोक रूळ ओलांडून जातात, आणि मागून येणाऱ्या मेलचा भोंगा ऐकू आलाच पाहिजे.

दादा तो चारवाला सेट फेकणार नाही म्हणतो. काकूचा नवा साचा आल्यावर शिट्टी थांबली, नातू गालाला गाल लावून पुन:पुन्हा खात्री करत होता. त्याच संध्याकाळी दादा पडवीत भिंतीला टेकून बसला. पुढच्या आठवड्यात सप्ताह होता. त्याने स्पंजाची टिप बोटांत चुरगळली, पाळी ओढली, आत सारली, फुगू दिली. डावा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. मी फोन त्याच्या पुढे धरून बसलो होतो. थोड्या वेळाने डोळे न उघडता त्याने मला खूण केली.

‘‘आवाज कमी कर जरा,’’ म्हणाला.